आमचा रोज कोण देणार?

माझं माहेर वैजापूर तालुक्यातलं, सासर पुणतांब्याचं. मधे गोदावरी. सोयरीक जुळली तेव्हा माहेरची थोरली माणसं समाधानानं म्हणाली होती, पोरगी पाण्याच्या गावात चालली. तेव्हा पुणतांबा ओळखलं जायचं ते चांगदेवांच्या समाधीमुळे आणि दौंड-मनमाड मार्गावरच्या स्टेशनमुळे. २०१७ च्या संपानंतर ते शेतकऱ्यांच्या संपाचं गाव झालं. या गावात पैसा कुठून आला, कोणाच्या घरी मुक्कामाला राहिला आणि कोणाच्या दारावरून तसाच पुढे गेला, हे मी गोठ्यातून, बांधावरून आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाहत आले. त्यातून जे कळत गेलं ते सांगते. तुमच्या गावचं पीक वेगळं असेल, नदी वेगळी असेल. बाकीचं ओळखीचं वाटेल.

१. पैशाच्या आधी पाणी येतं, आणि ते सगळ्यांकडे एकदम येत नाही. माझे वडील आणि माझे सासरे जवळजवळ एका वयाचे. दोघंही पहाटे उठणारे, निर्व्यसनी, जेमतेम शिकलेले. जमीन तर वडिलांकडेच जास्त होती. तरी बहात्तरच्या दुष्काळात माझा थोरला भाऊ शाळा सोडून खडी फोडायला गेला, तो पुन्हा शाळेत बसला नाही. आणि त्याच काळात माझे दीर बोर्डिंगात राहून शिकत होते. कष्टात, अकलेत, देवाधर्मात मला दोन्ही घरांत काही फरक दिसेना. फरक शंभर वर्षांपूर्वी पडलेला होता. नदीच्या या काठाला इंग्रजांचा मुलूख, पलीकडे निजामाचा. दुष्काळांनी हैराण झालेल्या आपल्या जिल्ह्यांसाठी इंग्रज सरकारनं नांदूर मधमेश्वरला बंधारा बांधला, वर दारणा धरण उभं केलं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोदावरीचे उजवे-डावे कालवे वाहू लागले. ते पाणी सरकारच्या हद्दीत फिरलं. वैजापूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. माहेरच्या तालुक्याला कालवा मिळाला तो फार उशिरा, नांदूर मधमेश्वरच्या जलदगती कालव्याच्या रूपानं. मधल्या काळात दोन-तीन पिढ्या निघून गेल्या. आजही खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायची वेळ आली की आमच्याकडची माणसं तावातावानं बोलतात, आणि २००५ च्या पाणी कायद्यातल्या समन्यायी वाटपावर माझ्या माहेरची माणसं तितक्याच तावातावानं बोलतात. मी दोन्हीकडचं ऐकते. दोघांचंही मला पटतं, कारण तहान दोन्हीकडची मी पाहिली आहे.

२. जमीन नावावर असणं आणि जमीन हातात असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कालवा आला तेव्हा इथल्या शेतकऱ्याला बागायतीची सवय नव्हती, आणि उसाला लागणारं भांडवलही नव्हतं. सासवडकडचे माळी आले, त्यांनी जमिनी खंडानं घेऊन ऊस आणि गूळ करून दाखवला. पाठोपाठ साखर कंपन्या आल्या. बेलापूर कंपनी हरेगावला आली, आणि १९३२ मध्ये साखर धंद्याला सरकारी संरक्षण मिळाल्यावर टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, आमचं चांगदेवनगर असे खासगी कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. त्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडानं घेतल्या. मग १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कायदा मोठ्या धारणा मोडण्यासाठी होता. पण कंपन्यांकडची जमीन खंडकऱ्यांकडे, म्हणजे खंडानं देणाऱ्या मूळ मालकांकडे, परत न जाता १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. ज्यांच्या आजोबांनी करार केला त्यांचे नातू मोर्च्यात म्हातारे झाले. २०१२ च्या सुमारास वाटप सुरू झालं, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरी जमिनीचा ताबा मिळाला म्हणून पुरणपोळी झाली होती. त्या दिवशी जेवताना मला महामंडळाच्या मळ्यावरची चाळ आठवली. त्या चाळीतल्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसली होती. खंडकऱ्याकडे दाखवायला निदान जुना सातबारा होता. कामगाराकडे हजेरीपत्रक होतं, तेही महामंडळाच्या कपाटात. ते आपले राहत्या घरापुरती जागा मागत राहिले.

३. सहकारानं माणसं उभी केली, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन प्रवरानगरला शेतकऱ्यांचा कारखाना काढला, १९५० मध्ये तो चालू झाला, आणि त्याचं पाहून कोपरगाव, संजीवनी, गणेश असे कारखाने आजूबाजूला निघाले. ज्या घरात कोणी तहसील कचेरीची पायरी चढलं नव्हतं त्या घरातला माणूस संचालक होऊन बँकेच्या साहेबासमोर खुर्चीत बसू लागला. कारखान्यामागून शाळा आली, दवाखाना आला, कॉलेज आलं. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९८० मध्ये पुस्तक लिहिलं. साखर आणि सत्ता यांची गाठ कशी बसली ते त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं. मात्र सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन आणि पाणी लागतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सहकारात शिरायला दारच नव्हतं. आणि ऊस तोडणारे? दर दिवाळीनंतर बीड-पाथर्डीकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पाचाटाच्या कोप्यांत हंगाम काढतात. माझा मुलगा शाळेच्या गाडीत चढायचा तेव्हा रस्त्याच्या कडेला त्याच्याच वयाचा एक पोरगा बैलांचा कासरा धरून उभा असायचा. दोघं एकमेकांकडे बघत राहायचे. मुलानं एकदा विचारलं, आई, त्याला सुट्टी आहे का?

४. दुधाचा पैसा बाईच्या कष्टाचा आणि बाप्याच्या नावाचा असतो. उसाचं पेमेंट वर्षातून दोन-तीनदा, दुधाचा पगार मात्र दहा-पंधरा दिवसांनी. संकरित गाई आल्या आणि आमच्या घरचा किराणा, शाळेची फी, दवाखाना सगळं दुधावर चालू लागलं. शेण काढणं, धार, वैरण, मुरघास, वासरांचं आजारपण हे सारं माझ्याकडे आणि आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. डेअरीचं कार्ड मात्र यांच्या नावाचं. आत्याबाईंनी पन्नास वर्षं गोठा सांभाळला आणि सरकारदप्तरी त्या कधीच शेतकरी नव्हत्या. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. गावंच्या गावं तेव्हा पुढे आली होती. आत्याबाईंनी त्याबद्दल ऐकलं होतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, “आपल्याकडं ते भाषणात राहिलं.”

५. संप ज्याच्याकडे विकायला काहीतरी आहे त्यालाच करता येतो. हे मला १ जून २०१७ ला आमच्या ओट्यावर कळलं. मागचं पूर्ण वर्ष वाईट गेलं होतं. नोटाबंदीनं बाजार झोपला, तूर उदंड पिकली आणि भाव पडले, कांदा मातीमोल झाला. ३ एप्रिलला ग्रामसभेत ठराव झाला, की यंदा शेतकरी संपावर जाणार. सातबारा कोरा करा, स्वामिनाथन आयोगानुसार उत्पादनखर्चावर दीडपट भाव द्या, दुधाला पन्नास रुपये द्या, साठीनंतर शेतकऱ्याला पेन्शन द्या. त्या ग्रामसभेबद्दल मला आजही अभिमान आहे. नेता बाहेरून आला नव्हता; चावडीवर आणि पारावर बसणारी आमचीच माणसं होती, आणि त्यांनी सबंध महाराष्ट्र हलवला.

१ जूनला डेअरीला दूध गेलं नाही. घरात असतील तेवढी पातेली भरली. चुलीवर खवा आटत होता, दही लावायला भांडं उरलं नव्हतं. तेवढ्यात नेहमी तोडणीला येणाऱ्या मावशी आल्या. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात जेवणाचा डबा. भेंडी चार दिवसांत जून होऊन जाणार हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, मावशी, आज तोडणी नाही, संप आहे, माल बाजारात न्यायचा नाही. त्या जरा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, संप तुमचा हाये आन् बरोबर हाये. पर आमचा रोज कोण देणार?”

मी त्यांना बरणीभर दूध दिलं. त्यांनी ते घेतलं आणि म्हणाल्या, दुधावर किराणा येत नाही वहिनी.

३ जूनच्या पहाटे मुंबईत बोलणी होऊन संप मागे घेतल्याचं जाहीर झालं, तेव्हा गावात संतापाची लाट उसळली. नाशिकसह सगळीकडे संप पुढे चालूच राहिला, आणि ११ जूनला सरकारनं कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. या सगळ्या दिवसांत टीव्हीवर दूध सांडताना दिसलं, भाज्या फेकताना दिसल्या. जेवणाचा डबा तसाच घेऊन परत गेलेली बाई कोणी दाखवली नाही. मागण्यांच्या यादीत शेतमजुराच्या रोजाचं एक कलम असतं तर ती बाई आमच्याबरोबर रस्त्यावर बसली असती, याची मला खात्री आहे. कोकणात चरीला १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं शेतकऱ्यांचा संप चालला होता. तिथे कुळं खोताविरुद्ध उभी होती, म्हणजे राबणारा मालकाविरुद्ध होता. आमच्या संपात मालकच संपावर होता. तोही बाजाराच्या हातून नागवलेला, यात शंका नाही. पण तो नागवला जातो तेव्हाही त्याच्याखाली आणखी कोणी उभं असतं.

६. कर्जमाफी कर्ज मिळालेल्यालाच मिळते. हे वाक्य वाचायला फार सोपं वाटतं, पण त्याचा अर्थ उमगायला मला वेळ लागला. २४ जून २०१७ ला चौतीस हजार कोटींची योजना जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ. नवरा-बायकोनं मिळून केंद्रावर जायचं, आधार, अंगठा, ऑनलाइन अर्ज. कष्टानं घासून झिजलेले आत्याबाईंचे ठसे यंत्राला उमटेनात. पुन्हा पुन्हा बोट पुसून लावत होत्या. त्या रांगेत कोण होतं? ज्यांचा सातबारा, ज्यांचं सोसायटीत खातं. आमच्या वस्तीशेजारी एक कुटुंब वर्षानुवर्षं दुसऱ्याची जमीन निम्म्या वाट्यानं करतं. बी त्यांनी आणायचं, खत निम्मं, कष्ट सगळे त्यांचे. त्यांना सोसायटी कर्ज देत नाही, म्हणून ते दुकानदाराकडून आणि सावकाराकडून उचलतात. त्यांच्या कर्जाची सरकारी कागदावर नोंद नाही, मग माफ काय करणार? दुसऱ्या टोकाला नियमित भरणारे. मार्चअखेर हातउसने आणून सोसायटी भरायची, एप्रिलमध्ये पुन्हा उचलायची, याला आमच्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. ज्यांनी इज्जतीपायी नवं-जुनं केलं त्यांना प्रोत्साहन म्हणून पंचवीस हजारांपर्यंत. पुढे २०१९ च्या योजनेत मर्यादा दोन लाख झाली, नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत ठरले, तेही बऱ्याच उशिरा हाती आले. कर्जमाफी नको असं मी म्हणणार नाही. तिनं आमच्या भावकीतली दोन घरं वाचवली. पण वाटेकऱ्याचं घर तिनं शिवलंही नाही.

७. जमिनीला भाव आला की बहिणी आठवतात. समृद्धी महामार्ग कोपरगाव आणि वैजापूर दोन्ही तालुक्यांतून गेला. २०१७-१८ मध्ये जमिनीची खरेदी सुरू होती आणि माहेरच्या शेताचा एक तुकडा त्यात गेला. वडील वारले तेव्हा वारस म्हणून आम्हा बहिणींची नावं लागली होती. तोवर कोणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. कोरडवाहू जमिनीला विचारतो कोण? आता भावाचा फोन आला, “ताई, एका सहीसाठी ये.” महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. ते मला ठाऊक होतं. नोंदणीच्या कचेरीबाहेर बाकावर माझ्यासारख्या कितीतरी लेकी बसल्या होत्या, बहुतेकींच्या मांडीवर पिशवीत भावासाठी आणलेलं काहीतरी. मी हक्कसोडपत्र केलं नाही. माझा वाटा घेतला. भावानं दिला, पण त्या वर्षी भाऊबीज झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. त्या पैशातून मी दोन गाई घेतल्या आणि त्यांचं डेअरीचं कार्ड माझ्या नावावर काढलं. रस्ता सरकारनं गाड्यांसाठी बांधला. त्याच्या कडेकडेनं कितीतरी घरांत बायकांचे हक्क पहिल्यांदा बोलले गेले. काही ठिकाणी ते मिळाले, बऱ्याच ठिकाणी सहीवर संपले.

८. गावात पैसा वाढला तरी शेतीची पत वाढतेच असं नाही. शिर्डी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पुणतांब्याहून शिर्डीला रेल्वेचा फाटा गेला, २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झाला, आता मुंबईहून येणारी वंदे भारत आमच्या स्टेशनात न थांबता पुढे निघून जाते. हॉटेलं, लॉज, हार-प्रसादाची दुकानं, टॅक्सी. गावातली कितीतरी पोरं तिकडे कामाला. आणि लग्नाच्या बाजारात उलथापालथ झाली. माझ्या पुतण्याकडे सहा एकर बागायत, ठिबक, विहीर, ट्रॅक्टर. पस्तिशी उलटली तरी लग्न जमत नाही. हॉटेलात काऊंटरवर बसणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला मुलगी मिळाली. मुलीच्या बापाची अट एकच असते, नोकरी हवी, आणि गावाकडे शेती पण हवी. मी मुलींना दोष देत नाही. त्यांनी आपल्या आयांचे हात पाहिलेले आहेत. मग मार्च २०२० मध्ये साईमंदिर बंद झालं ते नोव्हेंबरपर्यंत. शिर्डीतली पोरं परत आली. ज्यांच्या घरी जमीन होती ती कांद्याला पाणी देऊ लागली. ज्यांच्या घरी नव्हती ती त्यांच्याच वर्गमित्राच्या शेतात रोजानं आली. शाळेत एका बाकावर बसलेली पोरं होती ती.

९. सगळ्यात मोठा बदल मी ज्यांच्याकडून अपेक्षिला नव्हता त्यांनी केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये गावातल्या कॉलेजच्या मुली शेतकऱ्यांच्या मागण्यांसाठी अन्नत्यागाला बसल्या. आमच्या पिढीत बाईनं ग्रामसभेत बोलायचं म्हणजे डोक्यावरचा पदर सावरत मागच्या रांगेतून. या मुली माईक घेऊन बसल्या आणि बाप त्यांच्यासाठी पाण्याची बाटली धरून उभे होते. आणि दुसरा बदल मावशींचा. कांद्याच्या लागणीला आता बायकांच्या टोळ्या उक्तं काम घेतात, एकरावर. पूर्वी बाईचा रोज मालक ठरवायचा आणि तो गड्याच्या निम्म्याच्या आसपास असायचा. आता मावशींकडे मोबाइल आहे, टेम्पोवाला त्यांनी बांधलेला आहे, आणि डिसेंबरात मला त्यांची तारीख मागावी लागते. मागच्या हंगामात मी भाव पाडून पाहिला. त्या शांतपणे म्हणाल्या, वहिनी, पलीकडच्या शिवारात जास्त देत्यात. मी दिला तो भाव. खिशाला झळ बसली, हे खरं. पण ओट्यावरून दूध घेऊन परत गेलेली तीच बाई आता माझ्याशी सौदा करत होती, आणि मला ते बरं वाटलं. अर्थात हे हंगामापुरतं. एप्रिल-मेमध्ये काम नसतं तेव्हा सौदाही नसतो, आणि गावात पहिली उधारी त्यांचीच चढते.

१ जून २०२२ ला गावात पुन्हा धरणं धरलं गेलं. शेतात उभा राहिलेला शिल्लक ऊस, कांद्याचा भाव, दिवसा वीज, दुधाला आधारभूत दर. सगळ्या मागण्या रास्त होत्या आणि त्यातल्या बऱ्याच अजून तशाच पडून आहेत. पुन्हा ग्रामसभा बसेल, कारण भाव पुन्हा पडणार. तेव्हा माझं गावाकडे एवढंच मागणं आहे. मागण्यांचा कागद लिहायला बसाल तेव्हा वाटेकऱ्याच्या कर्जाची नोंद, शेतमजूर बाईच्या रोजाचा दर आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव, ही तीन कलमं दुधाच्या दराच्या वर लिहा. आणि संपाच्या दिवसांत ज्यांची तोडणी बुडते त्यांचा रोज वर्गणीतून आधी बाजूला काढा. कागद लिहायला मी येते.